एक सजग प्रेक्षक व इतर

आमच्या घरमालकांनी टीव्हीवरच्या एकाही निवेदिकेचा नमस्कार पहिल्या दिवशी स्वीकारला नाही. पडद्यावरची बाई हात जोडून गोड आवाजात "नमस्कार" म्हणायची, आणि काका दोन्ही हात मांड्यांवर ठेवून तिच्याकडे टक लावून बघत राहायचे. "आधी बघूया," ते म्हणायचे, "ही त्या खुर्चेत बसूच्या लायकीची आसा काय ती." मग कधी सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी ती पसंत पडली, तर एखाद्या रविवारी तिनं नमस्कार म्हणताच काका उठून उभे राहायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि कमरेत वाकून तिचा नमस्कार परत करायचे. मी त्यांच्याकडे सहा वर्षं भाड्यानं राहिले. तेवढ्या काळात हा सोहळा फक्त दोनदा झाला. दुसऱ्या वेळचे निवेदक वयस्कर होते, ते पुढच्याच आठवड्यात निवृत्त झाले. आपल्या नमस्कारासाठीच ते थांबले होते, असं काकांचं ठाम मत होतं.

मी मिरजेची. मसुऱ्याच्या अलीकडे एका शाळेत मराठी शिकवायला लागले आणि काकांच्या घराच्या एका बाजूची दोन खणांची जागा मला मिळाली. काका एसटीतून निवृत्त झालेले. बावीस वर्षं त्यांनी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या होत्या. बांद्याची गाडी, वालावलची गाडी, कुठली किती नंबरच्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली. हे सगळं ते प्रमाण मराठीत आणि अतिशय शुद्ध बोलायचे. घरी मात्र मालवणी. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोठा टीव्ही घेतला, पुढच्या पडवीत लावला आणि उरलेलं आयुष्य एकाच कामाला वाहिलं. कला आणि संस्कृतीच्या कार्यक्रमांना कोणता निवेदक शोभतो आणि कोणता शोभत नाही, हे ठरवणं.

हे काम त्यांना कुणी सांगितलं होतं, असं नाही.

त्यांना कार्यक्रमातल्या कलेशी काही देणंघेणं नव्हतं. समोर कोणी मोठा गवई गात असो की एखादा म्हातारा चित्रकथी पोथी उलगडत असो, काका बघायचे ते बाजूला बसलेल्या निवेदिकेकडे. पहिली दहा मिनिटं टीव्हीचा आवाज बंद. "बोलतत सगळीच," ते मला समजावायचे. "बोलणां मगे. ही गप रवता कशी, तां आधी बघूक होया." गप राहण्यात तर फार बारकावे होते. मान कधी डोलली, गायकाचा श्वास संपायच्या आधी की नंतर. हातातल्या कार्डाकडे डोळे किती वेळा गेले. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यावर निवेदिकेनं आधी काय केलं, रुमाल शोधला की कॅमेरा.

सगळ्यात वरची परीक्षा बाजाराची. एका चटपटीत, भरपूर हातवारे करणाऱ्या निवेदिकेबद्दल त्यांनी निकाल दिला होता, "हिका बांगडे हाडूक धाडलंस मा, तर ही बांगडो बघूची नाय. बांगडो बांधलेलो पेपर वाचीत परत येतली."

माझ्यावर एकदा प्रयोग झाला. योग्य मान कोणती हे त्यांना ठरवायचं होतं, म्हणून त्यांनी मला समोर बसवलं. मी पाहुणी, ते निवेदक. "बाईनू, काय तरी मनातला सांगा. खोटा नको. खोट्याक मान बरोबर पडना नाय."

मी मनातलं सांगितलं. माझे वडील तबला वाजवायचे. शेवटच्या आजारपणात बोलणं बंद झालं होतं, पण पांघरुणावर त्यांची बोटं चालत असायची. एका सकाळी आईनं बोटांकडे बघून ओळखलं, की ते तिला चहा...

"थांबा, थांबा," काका म्हणाले. "मान जरा आधी पडली. बापाशीचा आजारपण परत सांगा."

मी परत सांगितलं. तिसऱ्या वेळेला मलाच हसू आलं. वडिलांचं ते दुखणं हसत सांगता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. काकांना मात्र माझे वडील काय वाजवायचे हे पुढे कधीच आठवलं नाही. ते त्यांना पेटीवाले समजत.

या सगळ्या काळात काकी आत असायच्या. नारळ खवत, तांदूळ निवडत, नाहीतर मागच्या पडवीत काहीतरी वाळत घालत. त्या कामात असल्या की तोंडातल्या तोंडात काही गुणगुणायच्या, आणि पडवीतून हाक यायची, "उगी रव गो! चाचणी चालू आसा!" काकी उगी राहायच्या.

निकाल लागला की कार्ड लिहायचं. ईमेल करा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "ईमेल बोटान पुसून टाकतत. कार्ड निदान फाडूचा लागता." कार्डाची भाषा स्टँडवरची. "मुंबई येथील वाहिनीच्या व्यवस्थापकांना कळविण्यात येते की, आपल्या रविवारच्या कला कार्यक्रमाच्या निवेदिका या व्यक्ती म्हणून वाईट नाहीत. परंतु त्या चुकीच्या फलाटावर उभ्या आहेत." आणि खाली, नाव-पत्त्याच्या वर, सही: एक सजग प्रेक्षक व इतर.

"इतर कोण हो?" काकींनी एकदा आतून विचारलं.

"तू आसस मा."

"मी कधी बघलंय?"

"घरात आसस तां पुरे."

कार्डं उघडी असतात, त्यामुळे आमचा पोस्टमन ती वाचायचा. नुसता वाचायचा नाही, त्याला मतंही होती. वर सांगितलेली रविवारची निवेदिका त्याला मनापासून आवडायची. उंच, सावळी, बोलताना किंचित अडखळणारी मुलगी होती ती. काकांनी तिच्याविरुद्ध ओळीनं अकरा कार्डं लिहिली. तिचा गुन्हा असा, की गाणारा थांबायच्या आधीच ती "वा" म्हणायची. अकरावं कार्ड काकांनी हातात दिलं तेव्हा पोस्टमननं ते वाचलं आणि सायकलवरूनच परत केलं.

"काकानू, ह्यां काय बरोबर नाय. चेडू बरां आसा."

"बरां आसा, म्हणून वा म्हणूचा?"

"आवाडला म्हणान म्हणता ता! माझ्या हातान ह्यां कार्ड जावचा नाय. पेटयेत टाका."

काका तरातरा नाक्यापर्यंत चालत गेले आणि कार्ड पेटीत टाकलं. पेटी उघडायला अर्थात तोच पोस्टमन आला. त्यानं कार्ड पिशवीत टाकलं, पण पुढचे आठ दिवस तो काकांच्या अंगणात न येता कुंपणाबाहेरून घंटी वाजवायचा.

वाहिनीचं उत्तर कधी आलं नाही. यायचंही नव्हतं. काकांचीही तशी अपेक्षा नसावी. बावीस वर्षं काचेमागून बोललेला माणूस तो, समोरून उत्तर येत नाही याची त्याला सवय होती.

आणि मग एक दिवस उत्तर आलं.

चांगल्या छापील कागदावर, खाली गोल शिक्का. "आपण व आपल्या परिसरातील इतर प्रेक्षकांनी वेळोवेळी कळविलेल्या नापसंतीची दखल घेऊन सदर कार्यक्रमाच्या निवेदिका बदलण्यात येत आहेत. आपल्यासारखे जागरूक प्रेक्षक हेच आमचे बळ." काकांनी ते पत्र उभं राहून वाचलं, मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि काकींकडून पत्रासाठी प्लॅस्टिकची पिशवी मागून घेतली. आमच्या सगळ्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. त्या कार्यक्रमाला महाराष्ट्रातून दुसरं कुणी पत्रच लिहीत नसणार. मुंबईत कुठल्या तरी मोठ्या टेबलावर अकरा कार्डं पडली होती आणि त्या टेबलाभोवतीच्या लोकांना वाटलं होतं, की सगळं कोकण खवळलं आहे.

"म्हणजे ह्या सगळा," काकी म्हणाल्या, "माझ्या नावान झाला?"

काका दोन दिवस फार आनंदात होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिमोटची बटणं दाबता दाबता ते एकदम थांबले. शेतीचा कार्यक्रम चालू होता. गुडघाभर चिखलात, गमबूट घालून, रविवारवरून काढलेली ती निवेदिका उभी होती. समोर एक शेतकरी म्हशीच्या आजाराबद्दल सांगत होता. सांगताना त्याचा आवाज दाटत होता, कारण म्हैस वाचली नव्हती. आणि दुसरी एक म्हैस मागून निवेदिकेची ओढणी चावत होती. हळूहळू सगळी ओढणी म्हशीच्या तोंडात गेली. मुलगी जागची हलली नाही. शेतकऱ्याचं वाक्य संपलं, तो गप झाला, तरी ती गप. मग कितीतरी वेळानं तिनं हळूच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

काकांनी आवाज बंद केला. संपूर्ण कार्यक्रम तसाच, मुका बघितला. संपल्यावर माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला.

"बाईनू, घोटाळो झालो."

"काय झालं?"

"चेडू बरां आसा."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला नाही. पोस्टमन आला तेव्हा काका स्वतः कुंपणापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, "तुझा बरोबर होता." पोस्टमन इतका गोंधळला, की दुसऱ्याचंच एक पत्र आमच्याकडे देऊन गेला.

आता तिला परत आणायची कशी? काकांनी लगेच कार्ड लिहायला घेतलं. "पूर्वीचे सर्व निकाल रद्द करण्यात येत आहेत." खाली नेहमीची सही करणार, इतक्यात काकी बाहेर आल्या. पडवीत काकांचं काम चालू असताना त्या बाहेर आलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

"ह्या वक्ताक इतर खरे हाडा," त्या म्हणाल्या. "एका चेडवाचो रविवार गेलो. माझा नाव परत खोटा घालूचा नाय."

काकांना ते पटलं. पण बघितल्याशिवाय सही घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. म्हणून पुढचे चार आठवडे दर बुधवारी आमची पडवी भरायची. वाडीतल्या बायका, दोन निवृत्त मास्तर, मासे विकून परतणारी एक म्हातारी पाटी घेऊनच, आणि आपली फेरी आधी संपवून येणारा पोस्टमन. सगळे मिळून शेतीच्या कार्यक्रमातलं तिचं कुक्कुटपालन आवाज बंद करून बघत. काका हातात पट्टी घेऊन उभे राहून समजावत, "आता बघा हां. कोंबडी वरडता, पण ही मधी बोलणा नाय." मासेवाली म्हातारी म्हणाली, "अरे, आवाज तरी कर. माझ्या कोंबडेक काय झाला तां कळंदे." तिला गप्प करण्यात आलं. शेवटी सतरा सह्यांचं पत्र गेलं. त्यात एक अंगठा होता, आणि पहिली सही पोस्टमनची.

उत्तर आलं नाही. मेमध्ये ती स्वतःच आली.

शेतीच्या कार्यक्रमासाठी कोकणात फिरताना तिनं आमची वाडी मुद्दाम मागून घेतली होती. अंगणात जीप थांबली, कॅमेरेवाला उतरला आणि मागून ती. काकांच्या समोर येऊन तिनं हात जोडले. "नमस्कार. ते सजग प्रेक्षक तुम्हीच ना?" काकांचे हात अर्धे वर आले आणि तिथेच राहिले. तिनं मागं वळून बघितलं. "आणि इतर कुठे आहेत?"

"मी," काकी म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. रातांबे फोडत होत्या.

विषय कोकमाचाच होता. काकांना मुलाखत द्यायची होती. घडी मोडलेला सदरा घालून ते आले आणि कॅमेरा सुरू होताच त्यांच्या तोंडून स्टँड बाहेर पडला. "प्रेक्षकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. रातांबा या फळाचे..." ती प्रश्न विचारत होती आणि ते तिचा प्रश्न संपायच्या आधीच मान डोलवत होते. तिच्याकडे न बघता भिंगाकडे बघत होते. तिनं दोनदा सांभाळून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "काका, माझं बोलणं पूर्ण होऊ द्याल का?" एवढे शरमलेले काका मी पुढेही कधी बघितले नाहीत.

मग तिनं काकींना विचारलं. काकी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. सोलं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, असं त्या बोलत होत्या आणि हात चालत होते. हात चालायला लागले तसं, बोलता बोलता, त्या गुणगुणायला लागल्या. काकांनी सवयीनं तोंड उघडलं. निवेदिकेनं त्यांच्याकडे न बघता फक्त तळहात वर केला आणि काकांचं तोंड मिटलं. सगळं सूप भरेपर्यंत ती थांबली. मग विचारलं, "हे काय म्हणत होतात?"

"खंय काय. फुगडेची गाणी ती. जुनी."

"किती येतात?"

काकींनी विचार केला. "मोजूक नाय कधी."

मुंबईला जाऊन तिनं वाहिनीशी भांडण केलं असावं. ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस, ती परत आली, ती कला कार्यक्रमाची मंडळी घेऊन. एकच भाग तिला दिला होता. तो जमला तर तिचा रविवार तिला परत मिळणार होता, नाहीतर पुन्हा म्हशी. हे तिनंच आम्हाला सांगितलं. काकांच्या अंगात वारं संचारलं. दिग्दर्शकाला खुर्ची कुठे ठेवायची ते सांगितलं. निवेदिकेला मानेबद्दल बारा सूचना दिल्या. काकींना म्हणाले, "घाबरा नको. मी समोर आसंय." काकी घाबरल्या नव्हत्याच. नऊवारी नेसून माजघरात पाटावर बसल्या होत्या आणि कॅमेरेवाला जेवला की नाही याची चौकशी करत होत्या.

चित्रीकरण सुरू झालं आणि पाच मिनिटांत थांबलं. दिग्दर्शक फार सभ्य माणूस होता. "काका, तुम्ही आणि मॅडम जरा मागच्या पडवीत बसता का? आरशात तुमची मान दिसते."

आम्ही मागच्या पडवीत गेलो. दार लोटलं गेलं. काकांना आता काहीच दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता. पाऊस नुकताच थांबला होता आणि पागोळ्या गळत होत्या. आत निवेदिकेनं काहीतरी लहानसं विचारलं. मग शांतता. काका दाराच्या फटीला कान लावून उभे. शांतता लांबली. "इचार मगो काय तरी!" ते कुजबुजले. "गप कित्याक? गेला आता सगळा!"

मग गाणं सुरू झालं.

खाडीपार सासरी निघालेली पोर होडीवाल्याला सांगते, वल्हं हळू मार. आई अजून काठावर उभी आहे, ती दिसेनाशी होईपर्यंत तरी हळू मार. मग होडीवाला सांगतो, मी मारतच नाही गो, हे पाणीच तुला नेतंय. एवढंच गाणं. आवाज वयस्कर, मध्ये थोडा चिरकलेला, पण असा सरळ की दाराला धक्का देऊन बाहेर आला.

काका माझ्याकडे वळले. "ह्यां कोण म्हणता?"

"काकी."

"खंयची काकी?"

"आपल्या काकी. काका, आत दुसरं कोण आहे?"

पडवीत एक उलटं घमेलं होतं, त्यावर ते बसले. मग आणखी एक गाणं झालं, त्यानंतर आणखी एक. ते हललेही नाहीत.

दार उघडलं तेव्हा दिग्दर्शक डोळे पुसत होता आणि कॅमेरेवाला आईला फोन लावत होता. निवेदिका सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "काका, आता खरं सांगा. कार्डावर नको, तोंडानं. कशी वाटले मी?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जणू ही कोण हे आठवत होते.

"तू थंय होतंस काय गो?" ते म्हणाले.

ती खाली पायरीवर बसली आणि तोंडावर हात धरून इतकी हसली, की हसता हसता रडली. दिवाळीनंतर तिला तिचा रविवार मिळाला, आणि तो तिनं उत्तम सांभाळला. पण काकांचं त्या वेळी तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते आत गेले. काकी पाटावरून उठून कॅमेरेवाल्यांसाठी आंबोळ्यांचं पीठ ढवळायला लागल्या होत्या.

"तां होडयेचा गाणां," काका चुलीजवळ उभे राहून म्हणाले, "खंय शिकलंस?"

"हयच. लग्न होवन इलंय तेवा."

"कोणी शिकवल्यान?"

"तुमच्या आयेन," काकी म्हणाल्या. "रोज तिनसांजेक शिकवी. तुम्ही भायर रेडिओ ऐकीत होतास."